अडखळू द्या त्यांना

परदेशातल्या छोट्या अभ्यासक्रमांहून परतलेल्या विद्यार्थ्यांचे अहवाल वाचण्याचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. दोन आठवडे, तीन आठवडे, फार तर सहा आठवडे असे हे कार्यक्रम. अहवाल बहुतेक वेळा मनापासून लिहिलेले असतात, हे आधीच सांगते. तरीही एकदा ओळीने अठरा अहवाल वाचले, तेव्हा एकच वाक्य थोड्याफार फरकाने अकरा जणांनी लिहिलेलं सापडलं : या अनुभवाने माझा दृष्टिकोन विस्तारला. कशाबद्दलचा दृष्टिकोन, आधी तो काय होता, आता काय झाला, याचा पुढे पत्ता नव्हता. लोक प्रेमळ, इमारती सुंदर, बस वेळेवर, प्राध्यापक मोकळे. वरचं नाव झाकलं असतं तर कोणता अहवाल कोणत्या देशाचा हे मला ओळखता आलं नसतं.

यात विद्यार्थ्यांना दोष देण्यात अर्थ नाही. लिहिण्यासारखं काही त्यांच्याबाबत घडूच दिलं गेलं नव्हतं. विमानतळावर न्यायला गाडी आली. राहायला सगळे एकाच मजल्यावर. वर्ग त्यांच्यासाठी वेगळा भरवलेला, सगळ्यांना आधीपासून येणाऱ्या भाषेत. शनिवार-रविवारच्या सहली ठरलेल्या. काही अडलं तर फोन उचलायला को-ऑर्डिनेटर. एकवीस दिवसांत एकाही मुलाला किंवा मुलीला अनोळखी माणसासमोर उभं राहून, त्याच्या भाषेत, स्वतःच्या गरजेची एखादी गोष्ट मागावी लागली नाही.

अशा कार्यक्रमांना महाविद्यालयांनी क्रेडिट, म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक, द्यावेत का, सरकारांनी आणि विद्यापीठांनी त्यांच्यावर पैसा खर्च करावा का, हा प्रश्न आज जवळपास प्रत्येक देशात विचारला जातो. माझं उत्तर हो असं आहे, पण एका अटीवर. कार्यक्रमाची आखणी आज होते त्याच्या उलट व्हायला हवी. आज आयोजकांची सगळी शक्ती विद्यार्थ्यासमोरच्या अडचणी बाजूला सारण्यात खर्च होते. ती शक्ती योग्य अडचणी निवडून त्या विद्यार्थ्याच्या वाट्याला आणण्यात खर्च झाली पाहिजे.

घरच्या विद्यापीठात नाव कायम ठेवून परदेशात शिकून यावं आणि ते शिक्षण घरच्या पदवीत धरलं जावं, ही कल्पना फार जुनी नाही. अमेरिकेतल्या डेलावेअर विद्यापीठाने १९२३ साली आठ विद्यार्थ्यांना बोटीने फ्रान्सला पाठवलं. रेमंड कर्कब्राइड या तिथल्या प्राध्यापकाची ती धडपड. तो स्वतः पहिल्या महायुद्धात लढून आलेला. विद्यार्थी आधी फ्रान्समधल्याच नान्सी शहरात भाषेचा कसून अभ्यास करत आणि मग पॅरिसला जात. गेले ते वर्षभरासाठी. युरोपात विद्यार्थ्यांना दुसऱ्या देशात शिकायला पाठवणारी इरॅस्मस योजना १९८७ साली ११ देशांतल्या ३,२४४ विद्यार्थ्यांना घेऊन सुरू झाली, तिथेही मुक्काम महिन्यांत मोजला जाई. आज चित्र पालटलं आहे. अमेरिकेतून पदवी शिकताना परदेशी जाणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक विद्यार्थी उन्हाळी सुटीत किंवा आठ आठवडे अथवा त्याहून कमी काळासाठी जातात. त्याच योजनेच्या आजच्या रूपात, २०२१ पासूनच्या इरॅस्मस प्लसमध्ये, ५ ते ३० दिवसांच्या प्रत्यक्ष मुक्कामाला ऑनलाइन अभ्यासाची जोड देणारा प्रकार रीतसर आला.

मुक्काम आखडला म्हणून नाराज असलेले बरेच जण आहेत, त्यांत माझे काही ज्येष्ठ सहकारीही. त्यांचा सूर असा की तीन आठवड्यांत काय शिकणार, ती तर सहल. शिकायचं असेल तर किमान एक सेमिस्टर जा. एका अर्थी त्यांच्या बाजूने पुरावाही आहे. मेरी ड्वायर यांनी २००४ साली अमेरिकेतल्या एका मोठ्या परदेश-शिक्षण संस्थेच्या माजी विद्यार्थ्यांची पाहणी प्रसिद्ध केली. पूर्ण वर्ष राहिलेल्यांवर झालेला परिणाम अधिक खोल आणि अधिक टिकाऊ दिसला. पण त्याच पाहणीत असंही होतं की किमान सहा आठवड्यांचा नीट आखलेला कार्यक्रमही चांगलं यश देऊ शकतो. पुढे २००९ साली मायकेल पेज आणि सहकाऱ्यांनी सहा हजारांहून अधिक माजी विद्यार्थ्यांना विचारून पाहिलं, की परदेशातल्या शिक्षणानंतर सार्वजनिक कामात, स्वयंसेवेत, समाजाशी निगडित व्यवसायात ते किती उतरले. तिथे मुक्कामाच्या लांबीचा फारसा संबंध दिसला नाही. अशा पाहण्यांत माणूस स्वतःबद्दल स्वतःच सांगतो, ही त्यांची मर्यादा आहेच. तरी 'लांब तेवढं चांगलं' हे सूत्र वाटतं तितकं पक्कं नाही, एवढं नक्की म्हणता येतं.

आणि सेमिस्टरभर जायचा सल्ला नेमका कुणाला परवडतो? आजारी आईची औषधं ज्याच्यावर अवलंबून आहेत त्याला नाही. नोकरी करून शिकणाऱ्याला नाही. जिच्या प्रयोगशाळेच्या विषयांची साखळी अशी आहे की एक सत्र चुकलं तर वर्ष वाया जातं, तिला नाही. उपचार, व्हीलचेअर, मदतनीस यांची घडी महिनोन्‌महिने दुसरीकडे बसवणं ज्याला अवघड आहे, त्याला नाही. एका विद्यार्थिनीने मला सांगितलं होतं, "मॅडम, सहा महिने म्हणालात तर माझं उत्तर आजच 'नाही' असं आहे. तीन आठवडे म्हणालात तर मी घरी बोलून बघेन." इरॅस्मस प्लसमध्ये छोट्या मुक्कामाची सोय आली तीही मुख्यतः अशांसाठीच. छोट्या कार्यक्रमाला सहल म्हणून हिणवणारे या मुलांसमोर घरी बसण्याखेरीज दुसरा पर्याय ठेवत नाहीत. म्हणून मला हे कार्यक्रम बंद करायचे नाहीत. ते नीट करायचे आहेत.

नीट करायचे म्हणजे काय, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. नॉर्वेच्या स्वेर्रे लिसगार्ड या समाजशास्त्रज्ञाने अमेरिकी सरकारच्या फुलब्राइट शिष्यवृत्तीवर तिथे राहून आलेल्या सुमारे दोनशे नॉर्वेजियन लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला अभ्यास १९५५ साली मांडला. सहा महिन्यांहून कमी राहिलेले लोक बऱ्यापैकी रुळलेले वाटले, सहा ते अठरा महिने राहिलेले त्यांच्याहून कमी, आणि त्याहून अधिक राहिलेले पुन्हा चांगले. त्याच सुमारास कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने परक्या समाजात गेलेल्या माणसाच्या अवस्थांचं वर्णन केलं. 'कल्चर शॉक' हा शब्द सर्वतोमुखी झाला तो त्याच्यामुळे. त्याने पहिल्या अवस्थेला मधुचंद्र म्हटलं. ही अवस्था काही दिवसांपासून काही महिन्यांपर्यंत टिकते. सगळं नवं, सगळं छान, यजमान हसतमुख. त्यानंतर रोजच्या जगण्याची कटकट सुरू होते, चिडचिड होते, आपल्याच माणसांच्या घोळक्यात जाऊन इथल्या लोकांना नावं ठेवावीशी वाटतात. त्या टप्प्यातून बाहेर पडता पडता माणूस खरा शिकतो.

हे चित्र सगळ्यांना लागू होत नाही, हे नंतरच्या अभ्यासांनी दाखवलं आहे. कित्येकांना पहिले दिवसच सगळ्यांत जड जातात. ते मान्य करूनही छोट्या कार्यक्रमांबद्दल एक गोष्ट स्पष्ट दिसते. जिथे गाडी, खोली, वर्ग, सोबत सगळं हातात आयतं येतं, तिथे विद्यार्थी मधुचंद्राच्या आत जातो आणि मधुचंद्राच्या आतच विमानात बसतो. माझ्या समोरचे ते अकरा अहवाल त्या अवस्थेत लिहिलेले होते. लोक प्रेमळ आहेत, असं लिहिणाऱ्या मुलीला त्या देशात एकदाही कुणी नाही म्हटलेलं नव्हतं. नाही म्हणण्याची वेळ यावी असं काही तिने मागितलंच नव्हतं.

सेमिस्टरभर राहणाऱ्याला अडचणी आपोआप भेटतात. भाड्याची खोली मिळत नाही, गटातले स्थानिक विद्यार्थी आपसांत काम वाटून घेतात, एखादा अर्ज तिसऱ्यांदा परत येतो. तीन आठवड्यांत हे घडायला वेळच नसतो. म्हणून छोट्या कार्यक्रमात अडचण ठरवून आणावी लागते. गावाच्या अनोळखी भागात मुलांना सोडून द्यायचं, असला आचरटपणा मला अभिप्रेत नाही. अडचण अशी हवी की जिच्यासाठी आधी तयारी करता येईल, जी एखाद्या स्थानिक माणसाच्या मदतीशिवाय सुटणार नाही, आणि जी सुटल्यावर त्या समाजाबद्दल काहीतरी नेमकं कळेल.

एक उदाहरण जवळून पाहिलेलं. तीन आठवड्यांच्या एका कार्यक्रमात मी विद्यार्थ्यांबरोबर गेले होते. त्या वेळी आम्ही प्रत्येकाची जोडी तिथल्या एका विद्यार्थ्याशी लावली आणि प्रत्येक जोडीला एकच प्रश्न दिला : या शहरात कालच राहायला आलेल्या, भाषा न येणाऱ्या माणसाला ही एक सार्वजनिक सेवा कशी मिळते? कुणाला बसचा पास, कुणाला मुलाचा शाळाप्रवेश, कुणाला दवाखान्याची वेळ. वर जिचा उल्लेख केला, घरी बोलून बघते म्हणणारी, तिच्या वाट्याला सार्वजनिक ग्रंथालयाचं सभासदत्व आलं. निघण्याआधी दोन महिने तिने त्या भाषेतली चाळीसेक वाक्यं घोकली होती.

पहिल्या दिवशी जोडीदाराला बाहेर थांबवून ती एकटीच काउंटरवर गेली. पाठ केलेला प्रश्न तिने नीट विचारला. ग्रंथपालाने उत्तर दिलं, त्यातला एक शब्द तिला कळला नाही. त्याने तो पुन्हा सांगितला, मग तिसऱ्यांदा, सावकाश. तिने मान डोलावली, आभार मानले आणि बाहेर येऊन पायऱ्यांवर बसली. वही उघडी होती आणि पानावर काहीच नव्हतं. मी शेजारी जाऊन बसले तेव्हा ती म्हणाली, "मला कळलं नाही, तरी मी हो म्हटलं. आणि मॅडम, मी वर्गातही असंच करते."

मी काही बोलले नाही. दहा मिनिटांनी ती उठून परत आत गेली. आत जाऊन तिने त्या ग्रंथपालाला काय सांगितलं ते मला नंतर कळलं : मगाशी मी हो म्हणाले, पण मला समजलं नव्हतं. हे वाक्य तिच्या चाळीस वाक्यांत नव्हतं, तिने ते हातातल्या शब्दांतून जुळवलं होतं. ग्रंथपालाने खणातून पुस्तकाच्या नोंदीचं एक जुनं कार्ड काढलं, त्याच्या कोऱ्या बाजूवर तो शब्द मोठ्या अक्षरांत लिहिला आणि शेजारी एक घर काढलं. दार, खिडकी, दारावर क्रमांक. शब्दाचा अर्थ होता पत्त्याचा पुरावा.

तिथून पुढे तिचं काम खरं सुरू झालं. कालच आलेल्या माणसाकडे पत्त्याचा पुरावा असणार कुठून? तिने जोडीदाराला विचारलं. त्यालाही माहीत नव्हतं. त्याचं कार्ड लहानपणी आईने काढून दिलेलं, कागदपत्रांचा विचार करायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती. दोघं मिळून पुन्हा आत गेले, तिथून नगरपालिकेच्या कार्यालयात, तिथून निवारा केंद्र चालवणाऱ्या एका बाईंकडे. ज्याला कायमचा पत्ता नाही त्याच्यासाठी निवारा केंद्राचं पत्र चालतं, हे त्यांना पाचव्या दिवशी कळलं. ते पत्र चालतं, हे काउंटरवरच्या फलकावर कुठेही लिहिलेलं नव्हतं. जोडीदार स्वतःच्या शहरावर चिडला. तिच्या अहवालात इमारतींचं वर्णन नव्हतं. एका फलकाबद्दल सहा पानं होती.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली मांडलेला एक विचार मला या ठिकाणी फार उपयोगी वाटतो. दोन गटांतली माणसं नुसती एकमेकांसमोर आली म्हणून पूर्वग्रह जात नाहीत, कधी कधी ते अधिक घट्ट होतात. संपर्काने फरक पडायचा असेल तर चार गोष्टी हव्यात : त्या प्रसंगी दोघांचा दर्जा समान, उद्दिष्ट एक, ते गाठायला परस्परांची मदत, आणि वरच्या संस्थेचा या सगळ्याला पाठिंबा. नेहमीच्या छोट्या कार्यक्रमात विद्यार्थ्याला भेटणारे स्थानिक लोक कोण असतात ते आठवून पाहा. वाटाड्या, गाडीचालक, खोली आवरणारी बाई, स्वागताचं भाषण करणारे अधिकारी. काही त्याच्या दिमतीला, काही त्याच्या वर. बरोबरीचं कुणी नाही. ग्रंथालयाच्या त्या जोडीत दोघंही सारखेच अनभिज्ञ होते, उत्तर दोघांनाही हवं होतं, एकीकडे प्रश्न विचारण्याची ओढ होती आणि दुसरीकडे भाषा होती. ऑलपोर्टच्या चारही अटी एका साध्या असाइनमेंटमध्ये बसल्या. त्यासाठी जास्तीचा पैसा लागला नाही. लागली ती यजमान विद्यापीठाशी आधी केलेली तीन महिन्यांची पत्रापत्री.

इथे आणखी एक गैरसमज दूर करायला हवा. मुलांना स्थानिकांमध्ये सोडलं की ती आपोआप शिकतात, असं उत्साही लोकांना वाटतं. मायकेल व्हँडे बर्ग आणि सहकाऱ्यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अभ्यासात हा समज टिकला नाही. तिथल्या समाजाबद्दल, आणि स्वतःच्या प्रतिक्रियांबद्दल, नियमितपणे बोलायला ज्यांना तिथेच कुणी मार्गदर्शक होता, त्यांची परक्या संस्कृतीची समज वाढलेली दिसली. नुसत्या सहवासाने ती फारशी वाढली नाही. पायऱ्यांवर बसलेली ती मुलगी एकटी असती तर कदाचित उठून होस्टेलवर गेली असती, आणि इथले लोक नीट समजावून सांगत नाहीत असं लिहून मोकळी झाली असती. बरोबर जाणाऱ्या प्राध्यापकाचं काम हजेरी घेणं आणि पासपोर्ट सांभाळणं एवढंच मानलं जातं, तोवर हे होणार नाही. त्याने रोज संध्याकाळी अर्धा तास प्रत्येकाला एकच विचारावं : आज तुला काय कळलं नाही? 'काय आवडलं' हा प्रश्न मी तरी तीन आठवडे विचारत नाही.

आता क्रेडिटकडे येते, कारण बैठकांतली भांडणं बहुतेक त्यावरून होतात. युरोपच्या क्रेडिट पद्धतीत एका क्रेडिटमागे विद्यार्थ्याची २५ ते ३० तासांची मेहनत धरतात, आणि इरॅस्मसच्या या छोट्या मिश्र कार्यक्रमांना किमान तीन क्रेडिट असावे लागतात. म्हणजे ७५ ते ९० तास. कामाचे पंधरा दिवस धरले तर रोज पाच-सहा तास, तेही खरा अभ्यास. आधीचा ऑनलाइन अभ्यास आणि परतल्यावरचं लेखन यात मोजलं तर हे सहज जमतं, आणि मोजायलाच हवं. पण दोन आठवड्यांत सहा क्रेडिट देऊ म्हणणारी जाहिरात दिसली की मी गणित मांडते : किमान १५० तास, चौदा दिवस, सुटी न घेता रोज दहा तासांहून अधिक. त्याच जाहिरातीत रोज दुपारची सहल असते. दोन्ही खरं असू शकत नाही. प्रत्येक महाविद्यालयाने असा कार्यक्रम मंजूर करण्याआधी तासांचा हिशेब लेखी मागावा. मला विचाराल तर निम्मे आयोजक तिथेच थांबतील.

याची दुसरी बाजू तितकीच अन्यायाची आहे. विद्यार्थी मेहनत करून येतो, ट्रान्सक्रिप्ट म्हणजे तिथलं गुणपत्रक दाखवतो, आणि घरचा विभाग म्हणतो, आमच्या अभ्यासक्रमात या नावाचा विषय नाही. मी असे चेहरे पाहिले आहेत. युरोप परिषद आणि युनेस्को यांनी मिळून १९९७ साली केलेल्या लिस्बन करारात याचं उत्तर आहे. ठळक, मूलभूत फरक दाखवता येत नसेल तर बाहेर घेतलेलं शिक्षण मान्य करायचं, आणि फरक दाखवण्याची जबाबदारी मान्यता नाकारणाऱ्याची. नाव जुळत नाही हा मूलभूत फरक नव्हे. युनेस्कोचा २०१९ चा जागतिक करार ५ मार्च २०२३ पासून अमलात आला आहे आणि त्यात पदवी पूर्ण न करता घेतलेल्या शिक्षणाच्या मान्यतेचाही विचार आहे. ज्या देशांनी हे करार स्वीकारले त्यांच्या विभागप्रमुखांनी हे वाचलेलं असावं, एवढी अपेक्षा जास्त नाही. करार नसला तरी साधा उपाय हातात आहेच : किती क्रेडिट, कोणत्या विषयाच्या जागी, हे निघण्याआधी कागदावर ठरवून सह्या घ्या. निघण्याआधी विभागाला ते ठरवता येत नसेल तर तो कार्यक्रम अभ्यासाचा नाही असं खुशाल समजावं.

पैशाचं थोडक्यात. छोटा मुक्काम स्वस्त असतो हे अर्धंच खरं आहे. विमानभाडं तीन आठवड्यांनाही तेवढंच आणि सहा महिन्यांनाही तेवढंच. युरोपातल्या बऱ्याच देशांसाठी एकत्र चालणाऱ्या शेंगेन व्हिसाला किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय विमा संरक्षण लागतं, मग मुक्काम दहा दिवसांचा असो की नव्वद. बँकेतली शिल्लक दाखवा, परतीचं तिकीट दाखवा, कामावरची सुटी दाखवा. ज्या घरात शिल्लक नाही त्या घरातलं मूल मुलाखतीआधीच गळतं आणि आम्ही म्हणतो, अर्ज कमी आले. सार्वजनिक पैसा द्यायचा असेल तर तो सगळ्यांना थोडाथोडा वाटून उपयोग नाही. जो एरवी गेलाच नसता त्याला पूर्ण द्या, निघण्याआधी द्या. परतल्यावर पावत्या जोडा म्हणणं म्हणजे ज्याच्याकडे आधीच आहे त्यालाच देणं. ज्याचे पालक दर सुटीत बाहेर नेतात त्याने स्वतःच्या पैशाने जावं, त्यात वावगं काही नाही.

विमानांच्या धुराचा मुद्दाही मला टाळायचा नाही. चौदा दिवसांसाठी अर्धी पृथ्वी ओलांडणं समर्थनीय आहे का? जिथे रेल्वे किंवा बस जाते तिथे तीच घ्यावी. इरॅस्मस प्लस अशा प्रवासाला जास्तीची मदत देतं. जिथे जात नाही तिथे निदान एवढं पाहावं की जे काम पडद्यावर होऊ शकतं ते पडद्यावरच झालं पाहिजे. व्याख्यानं ऐकायला विमानात बसू नये. ओळखी, वाचन, व्याख्यानं, जोडीदाराबरोबरची पहिली चर्चा हे सगळं आधी ऑनलाइन उरकता येतं. प्रत्यक्ष गेल्यावर फक्त तेच करावं जे तिथे गेल्याशिवाय होत नाही. काउंटरवर उभं राहणं पडद्यावर होत नाही.

यजमानांबद्दलही बोललं पाहिजे, कारण त्यांच्या वेळेचा हिशेब कुणी ठेवत नाही. त्या ग्रंथपालाने, निवारा केंद्रातल्या बाईंनी आमच्या मुलीसाठी जो वेळ दिला तो त्यांच्या कामातून काढून दिला. आम्ही परतताना त्या जोडीने केलेली पाच पानी माहितीपत्रिका, चित्रांसह, ग्रंथालयाला दिली. ती त्यांनी वापरली की नाही हा त्यांचा प्रश्न, पण रिकाम्या हाताने निघणं बरोबर नव्हतं. याच्या अगदी उलट टोकाला काही वैद्यकीय कार्यक्रम आहेत. गरीब भागातल्या दवाखान्यांत विद्यार्थी जातात आणि घरी ज्याला हात लावायची परवानगी नाही अशा गोष्टी रुग्णांवर करून पाहतात. अनुभव म्हणून ते अर्जात लिहितात. परक्याच्या शरीरावर शिकण्याचा हक्क परदेशी गेल्याने वाढत नाही. असे कार्यक्रम सरळ बंद व्हावेत. इथे सुधारणेची भाषा मला करवत नाही.

उरला परतल्यानंतरचा काळ, आणि त्याकडे सगळ्यांत कमी लक्ष जातं. विमान उतरलं की कार्यक्रम संपला, अहवाल आठवड्यात द्या, प्रमाणपत्र घ्या. पहिल्या आठवड्यातला अहवाल मधुचंद्राचाच असणार. आम्ही आता दोन अहवाल घेतो, एक लगेच आणि एक तीन महिन्यांनी. दुसऱ्यात एकच प्रश्न असतो : तिथे पाहिलेल्या कोणत्या गोष्टीमुळे इथली एखादी गोष्ट तुला आता निराळी दिसते? निम्म्या क्रेडिटांचे गुण या उत्तरावर. सुरुवातीला मुलांनी तक्रार केली की तीन महिन्यांनी आठवत नाही. जे तीन महिने टिकलं नाही त्याला गुण कशासाठी द्यायचे, असं मी त्यांना मोकळेपणाने विचारलं. माझे काही सहकारी याला कठोरपणा म्हणतात. मला तो विद्यार्थ्याबद्दलचा विश्वास वाटतो.

ती मुलगी तीन महिन्यांनी आली ती अहवाल न घेता. मध्यंतरी ती आमच्याच महाविद्यालयाच्या ग्रंथालयात गेली होती आणि तोच प्रश्न घेऊन काउंटरवर उभी राहिली होती : दुसरीकडून सत्राच्या मध्येच आलेल्या, पत्ता पक्का नसलेल्या, भाषा न येणाऱ्या विद्यार्थ्याला इथे कार्ड कसं मिळतं? काउंटरवरच्या ताईंनी कागदपत्रांची यादी वाचून दाखवली. मग थोडं थांबून त्या म्हणाल्या की असं कुणी कधी विचारलंच नव्हतं. ग्रंथपालांनी तिला नवा अर्ज सुचवायला सांगितलं आहे. बाहेरून आलेल्या दोन विद्यार्थ्यांना सोबत घेऊन ती रोज दुपारी त्यावर बसते. पहिला मसुदा मी पाहिला. 'पत्त्याचा पुरावा' या शब्दांशेजारी तिने एक छोटं घर काढलं आहे, दारावर क्रमांकासह.